जेवलीस का?

अगं, परवा तू फोन ठेवलास आणि मी भांडी तशीच मोरीत टाकून टीव्हीसमोर बसले. तुझ्या भाऊजींनी विचारलं, "रडली का गं?" म्हटलं, नाही रडली, तेच तर. रडली असती तर दोन दिवसांत निवळेल म्हणून मी निर्धास्त झोपले असते. तू एवढंच म्हणालीस, "ताई, या हैदराबादेत माझं कुणीच नाही," आणि लगेच विषय बदलून त्या नव्या मुलीचं गाऱ्हाणं सुरू केलंस. बाजूच्या खाटेवर आलेली ती ओडिशाची मुलगी. रात्री दोनपर्यंत दिवा जाळते, फोनवर दबक्या आवाजात कुणाशी तरी बोलते, सकाळी डोळे सुजलेले, आणि वर तुझी झोपमोड. अमीरपेटेतल्या होस्टेलात एका खोलीत चार खाटा म्हटल्यावर हे व्हायचंच, असं मी म्हणाले. ते तुला आवडलं नाही, हे तुझ्या नुसत्या "हं"वरून कळलं.

फोनवर धीर देणं मला कधी जमलंच नाही. आईला जमायचं. मी धीर द्यायला जाते आणि माझ्या तोंडून हिशेब निघतो: पगार किती उरतो, भाडं किती, सुट्टी कधी. सिनेमावर मात्र मी तासन्‌तास बोलू शकते. म्हणून हा सगळा कागद सिनेमाचा आहे. आत कुठे सल्ला सापडलाच, तर खाऱ्या शेंगदाण्यांच्या पुडीत तळाशी मीठ उरतं तसा समज. चाटायचा तर चाट, नाहीतर पुडी टाकून दे.

मी काही समीक्षक नाही बाई. शाळेच्या ऑफिसात बसून दाखले लिहिणारी बाई मी. कॅमेरा कुठे ठेवला, कात्री कुठे लागली, हे मला कळत नाही. पण माझी ती निळी वही तुला माहीत आहे. सिनेमा बघून झाला की तीन ओळी: कुठे बघितला, कुणाबरोबर बघितला आणि घरी काय आलं. घरी काय आलं म्हणजे, रात्री दिवा मालवल्यावरही जे डोळ्यांसमोर राहतं ते. कधी एखादा चेहरा असतो, कधी नुसता आवाज. एकदा तर फक्त एक स्टीलचा डबा लिहून ठेवलाय, आणि आता तो कुठल्या सिनेमातला हे मलाच आठवत नाही. तारे-बिरे मी देत नाही. दुकानात उभं राहून साडीला पाचपैकी साडेतीन असं कुणी म्हणतं का? नेसावीशी वाटली की घ्यायची.

तर गेले काही महिने मी जुने-नवे सिनेमे परत बघत होते, आणि वही चाळताना एक गंमत दिसली. ‘घरी काय आलं’ या रकान्यात पुन्हा पुन्हा एकच बाई येत होती. नायिका नव्हे हो. नायिकेला दार उघडणारी बाई.

तुला ‘सैराट’ आठवतो? २०१६चा मे महिना, तू सोळा वर्षांची, चिपळुणात आपण दोघी मावशीला काहीतरी थाप मारून गेलो होतो. थिएटरात पोरं खुर्च्यांवर उभी. गाणं लागलं की पडद्याच्या पुढ्यात नाच, चिल्लर उधळणं, शिट्ट्या. तूही नाचलीस, नाही म्हणू नकोस. आणि शेवटी ते रक्ताचे इवलेसे पाऊलठसे, आवाज पार गेलेला. चपला शोधतानासुद्धा कुणी बोललं नाही. एसटीत तू खिडकीकडे तोंड करून बसलीस. त्या सिनेमाबद्दल लोक दोनच गोष्टी बोलतात, ते नाचणं आणि तो शेवट. मला मधला भाग जवळचा वाटतो. आर्ची आणि परश्या पळून कुठे जातात? तुझ्याच हैदराबादला. भाषा येत नाही, ओळख नाही, रात्री पोलीस असल्याची बतावणी करणारे गुंड गाठतात. त्यांच्या तावडीतून सोडवते ती अक्का. झोपडपट्टीत राहणारी, डोशाची गाडी चालवणारी. ती यांना खोली देते, काम लावून देते. पाटलांच्या वाड्यातून आलेल्या, बुलेट चालवणाऱ्या आर्चीला त्या वस्तीचा वास सहन होत नाही. सहन होईपर्यंत अक्का वाट बघते.

मग २०१८मध्ये त्याचा हिंदी ‘धडक’ आला. हैदराबादचं कोलकाता झालं, आणि अक्काच्या जागी गेस्ट हाऊस चालवणारे एक भले बंगाली गृहस्थ आले. चांगले आहेत ते, हसरे आहेत. पण माझ्यापुरता सिनेमा तिथेच संपला. एकट्या बाईने, जिला स्वतःलाच धड छप्पर नाही तिने, दोन अनोळखी पोरांना आत घेणं यात जी जोखीम आहे, ती गेस्ट हाऊसच्या मालकाला कशी असणार? त्याच्याकडे खोल्या आहेतच, आणि द्यायलाच आहेत. अक्काकडे जे होतं त्यातलं तिने तोडून दिलं.

ही अक्का म्हणजे छाया कदम. मूळ आपल्या कोकणातल्या, वाढल्या मुंबईत, एके काळी कबड्डी खेळायच्या म्हणे. त्या पडद्यावर पाय रोवून उभ्या राहतात ना, तेव्हा मला ते कबड्डीचं पटतं. नागराज मंजुळेंच्याच ‘फँड्री’त त्या जब्याची आई होत्या. नाव माहीत नसतानाही चेहरा लक्षात राहायचा. २०२४मध्ये त्या फ्रान्सला कान महोत्सवाला गेल्या तेव्हा आईची साडी नेसून आणि आईची नथ घालून गेल्या. तो फोटो मी वहीत चिकटवलाय, सिनेमा नसूनसुद्धा.

‘न्यूड’ तू बघितला नाहीस. तुझ्या वयाला तो बघायलाच हवा, पण एकटी असताना नको. रवी जाधवांचा, २०१८चा. त्याआधीच्या वर्षी गोव्याच्या इफ्फी महोत्सवात परीक्षकांनी निवडूनही तो ऐन वेळी काढून टाकला होता, आणि परीक्षक मंडळाच्या अध्यक्षांनी, सुजॉय घोष यांनी, राजीनामा दिला होता. नावावरूनच लोक बिचकले असणार. गोष्ट मात्र साधी आहे. यमुना नवऱ्याच्या जाचाला कंटाळून मुलाला घेऊन गाव सोडते आणि मुंबईत चंद्राक्काकडे येते. चंद्राक्का कला महाविद्यालयात नोकरी करते. एके दिवशी यमुनेला कळतं की ही तिथे विद्यार्थ्यांसमोर कपडे उतरवून बसते, चित्रं काढायला. यमुना हादरते. मीही हादरले होते. पहिल्यांदा बघितला तेव्हा वहीत लिहिलंय, "चंद्राक्काने हिला या वाटेला लावायला नको होतं." दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं की चंद्राक्काने तिला कुठेच लावलेलं नाही. तिने काय आहे ते सांगितलं, आणि निवड यमुनेवर सोपवली. शेवट सांगत नाही. पोटात खड्डा पडतो. अक्का भेटली म्हणजे सगळं गोड होतं असं समजू नकोस. ‘सैराट’मध्येही अक्का शेवट टाळू शकली नाहीच.

आणि मंजूमाई! ‘लापता लेडीज’ तू बघितलायस, पण तू तो दीडपट वेगाने बघितलास, म्हणजे बघितला नाहीस. (यावर मी पुढे बोलणारच आहे.) किरण रावचा, २०२४चा, गोष्ट २००१ सालची. घुंगटामुळे दोन नव्या नवरींची रेल्वेत अदलाबदल होते. त्यातली फूल एका भलत्याच स्टेशनवर राहते. तिला स्वयंपाक येतो, शिवण येतं, देवाची गाणी येतात. फक्त सासरच्या गावाचं नाव आठवत नाही. मुलीला सगळं शिकवलं आणि घरी परत जायचा रस्ता तेवढा शिकवला नाही, हे मंजूमाई तिला तोंडावर सांगते. स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजूमाई. नवरा आणि मुलगा मारायचे, म्हणून दोघांनाही घराबाहेर काढून एकटी राहणारी. ही बाई फूलला जवळ घेऊन कुरवाळत नाही. खेकसते. कामाला लावते. फूल कलाकंद करते, तो विकला जातो, आणि मंजूमाई तिच्या हातावर पैसे ठेवते. आयुष्यातली पहिली कमाई. तो प्रसंग सुरू झाला की मी दर वेळी पंखा बंद करते, म्हणजे नीट ऐकू येतं.

परवा रात्री मोरीतली भांडी सोडून मी काय करत होते विचारशील, तर या तिघींची यादी. तिघींत काय सारखं आहे? एक, तिघीही आधी आत घेतात, चौकशी मागाहून करतात. दोन, दयेपेक्षा काम देतात, कारण दया संध्याकाळपर्यंत पुरते आणि काम महिनाभर. तीन, तिघींपैकी कुणीही "घरी परत जा" म्हणत नाही. चार, तिघीही चिडक्या आहेत. ही चौथी गोष्ट विसरू नकोस. आपल्याला वाटतं की आधार देणारी बाई म्हणजे मऊ आवाजाची, केसांतून हात फिरवणारी. तशी असते, पण तिच्याकडे आपण आपण होऊन जातो. दार उघडणारी बऱ्याचदा खेकसणारीच असते.

माझी होती तशीच. तुला हे कधी सांगितलं नाही मी.

२००६मध्ये मी मुंबईला आले तेव्हा परळला कॉट बेसिसवर राहायचे. एक लोखंडी खाट, खाली एक ट्रंक, भिंतीवर एक खिळा. तो खिळा माझा. पहिला पगार दीड महिन्यांनी झाला. घरी सांगायची सोय नव्हती, कारण बाबांचा या नोकरीला विरोध आणि तू तेव्हा सहा वर्षांची, आईचा जीव तुझ्यात. मी दुपारी वडापाव आणि रात्री पाणी असं चालवलं होतं. लालबागच्या एका गल्लीत एक मावशी खानावळ चालवायच्या. मी रोज तिथून जायचे, आणि वासाने पाय आपोआप हळू व्हायचे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या दारातूनच ओरडल्या, "ए, जेवलीस का?" मी म्हटलं, हो. त्या म्हणाल्या, "खोटं बोलायचं तर पोट भरल्यावर बोल." आत ओढलंच त्यांनी. बांगड्याचं तिखलं, भात, आणि वर शिव्या. पैशांचं बोलायला गेले तर म्हणाल्या, पगार झाला की दे, मी कुठे पळून जातेय. नाव-गाव दुसऱ्या आठवड्यात विचारलं.

त्यांच्याकडूनच मला कळलं की त्यांच्या सासूबाईही हेच करायच्या. आपल्याकडची माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातून गिरणीत जायची, बायकामुलं गावी, आणि हे एकेका खोलीत दहा-बाराजण, पाळीपाळीने झोपणारे. त्यांना दोन वेळचं घालणाऱ्या या खानावळवाल्या. पैसे महिन्याने यायचे, पण धान्य आज लागायचं, म्हणून सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असायच्या. प्रेमा पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना गटाने बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा कुठे त्यांची मान सुटली. मग १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, आणि जेवणारेच गावाला निघून गेले. एवढ्या मोठ्या गिरणगावाला ज्या बायकांनी पोसलं, त्यांच्यावर एक तरी धड सिनेमा असायला हवा की नाही? मावशी म्हणायच्या, आमच्यावर काय सिनेमा काढायचा, नुसता धूर दिसेल.

हे असं होतं बघ, सिनेमाचं बोलता बोलता मी दुसरीकडेच जाते. पण म्हणूनच तर मी बघते.

सगळेच सिनेमे मला या एकाच मोजपट्टीने मोजायचे नाहीत, तरी सवय लागलीय. ‘उंबरठा’ परत बघितला. १९८२चा, जब्बार पटेलांचा. स्मिता पाटील, म्हणजे त्यातली सुलभा, लहान मुलीला घरी ठेवून महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून निघते. ती स्वतःच शेकडो बायकांची अक्का व्हायला निघालेली असते, आणि कमिटी, नियम, वरची माणसं मिळून तिचे हात बांधतात. या वेळी एक वेगळंच खटकलं: सुलभेला स्वतःला अक्का कुठे आहे? तिला कुणीच विचारत नाही की बाई, तू जेवलीस का. शेवटी घर सोडून ती परत निघते तेव्हा वीस वर्षांपूर्वी मला अभिमान वाटला होता. आता काळजी वाटते, उतरून राहणार कुठे ही?

‘बाईपण भारी देवा’ २०२३मध्ये सोसायटीतल्या बायकांबरोबर बघितला. सगळ्या नऊवारीत, मी सोडून. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, भांडणं आणि मनोमीलन. खरं सांगू? सिनेमा मला गोडमिट्ट वाटला, शेवट पहिल्या अर्ध्या तासात कळला, आणि तरीही मी रडले. पण त्या दिवशीचा खरा सिनेमा येताना रिक्षात झाला. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्या पाच वर्षांत पाण्याच्या वेळेपलीकडे माझ्याशी काही बोलल्या नव्हत्या, त्यांनी आपल्या बहिणीशी सात वर्षं अबोला असल्याचं सांगितलं. घरी पोचल्यावर त्यांनी फोन लावला की नाही, मी विचारलं नाही. एखादा सिनेमा बरा नसून उपयोगाचा असू शकतो, असं वहीत लिहिलंय.

‘सिस्टर मिडनाइट’ अर्धा माझ्या डोक्यावरून गेला. राधिका आपटे मुंबईतल्या एका खोलीत आलेली नवी नवरी, स्वयंपाकाचा गंधही नाही, आणि पुढे गोष्ट अशी काही भलतीकडे जाते की तुझे भाऊजी उठून झोपायला गेले. पण शेजारीण शीतल कोण? पुन्हा छाया कदमच. मी एकटीच हसले.

‘साबर बोंडं’ मात्र हळूच आत शिरला. रोहन कानवडेंचा. सनडान्स महोत्सवात मोठं बक्षीस मिळालेला, २०२५मध्ये आपल्याकडे लागलेला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. नातेवाईक लग्नाचं विचारून भंडावतात. त्याला मुली नको, मुलगा हवा आहे, आणि आईला ते ठाऊक आहे. ती माउली कुठलंही भाषण करत नाही. नुसती त्याच्या बाजूला बसते. घरातलंच माणूस असूनही असं दार उघडता येतं, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं कारण पुढे सांगते. अवघड आहे, म्हणून आधी सोपं सांगून घेते.

सोपं म्हणजे सिनेमा कसा बघावा. हसू नकोस. एक तर ते दीडपट वेगाने बघणं बंद कर. सिनेमात माणसं गप्प बसतात, तेव्हाच ती आपल्याला दिसतात. तू नेमकं तेच पळवतेस. ताईशी बोलतानाही तू दीडपट वेगाने बोलतेस हल्ली, म्हणून परवाचं ते एक वाक्य मधेच निसटलं तेव्हा मला ते ऐकू आलं. दुसरं, कुणी किती तारे दिले हे आधी वाचू नकोस. वाचलं की आपण सिनेमा बघत नाही, त्या माणसाचा पेपर तपासत बसतो. तिसरं, महिन्यातून एकदा थिएटरात एकटी जा. पहिल्यांदा सगळे आपल्याकडे बघताहेत असं वाटतं. कुणी बघत नसतं, त्यांना पॉपकॉर्नची काळजी असते. तेलुगू लागला असेल तर तेलुगू बघ; भाषा कळली नाही तर चेहरे वाचशील, आणि आर्चीसारखी चार शब्द शिकशील. चौथं, शेवटी नावं सरकतात तेव्हा लगेच उठू नकोस. दार उघडणाऱ्या बाईचं नाव बऱ्याचदा तिथेच मिळतं. आणि पाचवं, मत बदललं तर लाजू नकोस. जुनं खोडू नकोस, खाली नवी तारीख घालून लिही. माझ्या वहीतलं सगळ्यात अवघड पान असंच आहे.

ते पान ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’चं. पायल कपाडियाचा, २०२४मध्ये कानला ग्राँ प्री मिळालेला. बक्षिसाचं ऐकून मी घाबरत घाबरत गेले होते. रविवारी दुपारचा खेळ, आख्ख्या थिएटरात आम्ही अकराजण. मल्याळम बरंच, मधे हिंदी, मधे आपली मराठी. पण पडद्यावर पाऊस सुरू झाला आणि मला कळलं, ही माझीच मुंबई. केरळहून आलेल्या दोन नर्सा एका खोलीत राहतात. प्रभा मोठी, लग्न झालेली, नवरा जर्मनीत आणि त्याचा फोनसुद्धा येत नाही. अनू धाकटी, मोकळी, एका मुसलमान मुलाच्या प्रेमात. भाड्याचा आपला वाटाही कधी प्रभालाच भरायला सांगणारी. आणि त्यांच्या हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी पार्वती, रत्नागिरीकडची विधवा. हो, छाया कदम! चाळ पाडून टॉवर होणार, आणि पार्वतीकडे तिथे इतकी वर्षं राहिल्याचा एक कागद नाही, कारण कागदांचं सगळं नवरा बघायचा. रात्री प्रभा आणि पार्वती मिळून त्या टॉवरच्या जाहिरातीवर दगड मारतात. मला ‘फँड्री’तल्या जब्याचा दगड आठवला. तिथे आई असलेली बाई, आज स्वतःच दगड मारत होती.

शेवटी पार्वती मुंबई सोडून गावी जाते आणि सामान पोचवायला या दोघी तिच्याबरोबर जातात. म्हणजे जिचं घर गेलं, तीच दोघींना आपल्या दारात नेते. त्या गावच्या घरात पार्वती आणि अनू नाचतात, तेव्हा मी खुर्चीत पाय हलवत होते.

पण वहीत त्या दिवशी काय लिहिलंय, वाचून दाखवते. "पाऊस. कुकर. अनू बेजबाबदार. प्रभाचं बरोबर आहे." कुकर म्हणजे जर्मनीहून पार्सलने आलेला लाल राइस कुकर. पाठवणाऱ्याचं नाव नाही, पण नवऱ्यानेच धाडला असणार. रात्री प्रभा एकटी जमिनीवर बसून त्या कुकरला मिठी मारते. आणि प्रभाचं बरोबर म्हणजे, ती अनूला एकदा फार वाईट बोलते. लोक तुझ्याबद्दल काय बोलतात, अशी वागलीस तर तुला मान कोण देईल, अशा अर्थाचं. मला तेव्हा वाटलं, मोठ्या बहिणीने बोलायलाच हवं.

आणि मग गेल्या दिवाळीत तू मला गच्चीवर नेऊन ऑफिसातल्या त्या मुलाबद्दल सांगितलंस. मी काय बोलले, ते इथे परत लिहीत नाही. तुला शब्दन्‌शब्द पाठ असेल. आई असती तर काय म्हणाली असती, तेही मी मधे आणलं, आणि ते सगळ्यात वाईट होतं. तू भाऊबीजेला थांबली नाहीस. तीन महिने फक्त "ठीक आहे", "पोचले", "बरी आहे".

परवा भांडी टाकून मी तोच सिनेमा परत लावला. तो प्रसंग आला आणि प्रभाच्या तोंडून माझा आवाज ऐकू आला. आपल्या कोरड्या आयुष्याला कुकरसारखी मिठी मारून बसलेली बाई, दुसरीच्या दारातला उजेड बघून चिडते, असं काहीतरी ते होतं. ज्या मावशींनी नाव न विचारता मला आत घेतलं, त्यांच्या हातचं खाल्लेली मी. आणि सख्ख्या बहिणीला आधी जात, गाव, पगार विचारला. तू म्हणालीस ना, हैदराबादेत माझं कुणी नाही. हैदराबादचं मला माहीत नाही गं. पण इथे डोंबिवलीत माझ्या घराचं एक दार बंद होतं, ते मी बंद केलं होतं.

तू त्या सिनेमाचा शेवट बघशील तेव्हा बघशील, मी सांगूनच टाकते. समुद्रकाठची एक टपरी, रात्र, रंगीत दिवे. प्रभा अनूला त्या मुलाबद्दल म्हणते, बोलाव त्याला. बस, एवढंच. तो येऊन बसतो. वहीत जुन्या ओळींखाली नवी तारीख घालून मी लिहिलं, "अनूचं नाही, प्रभाचं चुकलं होतं. मग सुधारलं."

तर त्याला पुढच्या सुट्टीत घेऊन ये. नाव सांग आधी, म्हणजे मी चुकीच्या नावाने हाक मारायची नाही. पगार विचारणार नाही. भाऊजी विचारतील, त्यांना मी आधीच दटावून ठेवते.

आणि आज रात्री एक काम कर. ती बाजूच्या खाटेवरची मुलगी दिवा लावून बसेल, तेव्हा डोक्यावर उशी घेऊन तोंड फिरवू नकोस. तिला ओडिया येतं, तुला मराठी येतं, दोघींना मोडकंतोडकं हिंदी येतं, एवढं पुरे. काय झालं, कोण होता, का रडतेस, हे काही विचारू नकोस. फक्त जेवलीस का, ते विचार. हवं तर खेकसून विचार, आपल्या घराण्याला तेच जमतं. ती हो म्हणेल. तू विश्वास ठेवू नकोस.

आता थांबते. भांडी परवापासूनची नाहीत, घाबरू नकोस. ही आजची आहेत, पण मोरी पुन्हा भरलीय.

तुझी,
ताई